रिवाइंड, प्ले, सेव्ह!

दिवाळीच्या आधीचा रविवार म्हणजे आमच्या घरी माळा आवरायचा दिवस. मी शिडीवर, बाबा शिडी धरून आणि आई खालून, ‘ते नको फेकूस, राहू दे’ असं ओरडत. गेल्या दिवाळीत या कार्यक्रमात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा खाली आला. झाकण इतकं घट्ट बसलेलं, की चमचा घालून उचकटावं लागलं. आत बिस्किटं नव्हती अर्थातच. आत होत्या कॅसेट्स. त्रेचाळीस!

माझ्या पिढीचं कॅसेटशी नातं जरा विचित्र आहे, बॉस. आम्ही त्या पाहिल्यात, पेन्सिल घालून फिरवल्यात, रीळ ओढून गणपतीच्या डेकोरेशनला झालरीसारखी लावलीये. पण स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली एकही नाही. कळायला लागेपर्यंत सीडी आली होती आणि कॉलेजात जाईपर्यंत सीडीसुद्धा गेली होती. त्यामुळे डबा उघडल्यावर माझी पहिली रिअॅक्शन होती, ‘वॉव, इन्स्टावर टाकू या!’ आणि दुसरी, ‘या सगळ्या कन्व्हर्ट करू या!’

दुसरी रिअॅक्शन मला फार महागात पडली. पैशाने कमी, वेळाने जास्त.

तुमच्याही घरी असा एखादा डबा असणारच. नसेल तर आजीकडे, आत्याकडे, गावच्या घरी फडताळात असेल. म्हणून पहिला धडा फुकट देते : सगळ्या कन्व्हर्ट करायच्या नाहीत. मी त्रेचाळीस कॅसेट्स सतरंजीवर मांडल्या आणि ढीग केले. सिनेमाची गाणी सोळा. आरत्या, अभंग, स्तोत्रं आठ. ‘गीतरामायण’, पु. ल. आणि व. पुं.चं कथाकथन. इंग्रजी बोलायला शिकवणारा एक कोर्स, ज्याची तिसरी कॅसेट कधीच सापडली नाही (बाबांच्या इंग्रजीचं रहस्य!). शिवाय बाबांनी कॉलेजात असताना दुकानदाराकडून भरून घेतलेल्या कॅसेट्स. तेव्हा अशी सोय होती : वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी ‘माल’ घेऊन यायचा. आजच्या प्लेलिस्टचे आजोबाच म्हणा ना.

यातलं जवळजवळ सगळं आज मोबाइलवर दोन सेकंदांत वाजतं, तेही चांगल्या आवाजात. कन्व्हर्ट करायचं ते फक्त, जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे घरी रेकॉर्ड केलेलं. हा नियम लावल्यावर त्रेचाळीसच्या उरल्या पाच. त्या पाचांपैकी चारांवर माझ्या काकाच्या मुंजीचे आवाज निघाले. भटजी, बँड आणि मागे कुणीतरी सतत ‘पाणी, पाणी’ म्हणतंय. पाचवीवर निळ्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘बिहाग. १९९३.’ अक्षर आईचं होतं.

‘आई, हे काय आहे गं?’

‘काही नाही. ठेव ते.’

आई गाणं शिकली होती हे मला माहीत होतं. म्हणजे जसं आपल्याला आईबाबांबद्दल बाकीचं माहीत असतं तसं. सांगलीला असताना शिकायची, विशारदपर्यंतच्या परीक्षा दिल्यात, एवढंच. घरात तानपुरा नाही, पेटी नाही. गणपतीत आरतीला तिचा आवाज मागे कुठेतरी असतो. ती गाते असं मी कधी कुणाला सांगितलेलं आठवत नाही.

आधी मशीन तर आणा!

कॅसेट ही वस्तू मुळात साधी. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर, रुंदी चार मिलिमीटरपेक्षा थोडी कमी. अर्धी रुंदी साइड एसाठी, अर्धी साइड बीसाठी. ही पट्टी हेडसमोरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते आणि हेड तिच्यावरचं चुंबकत्व वाचतं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंच्याऐंशी-नव्वद मीटर टेप असते. १९७९ साली सोनीने वॉकमन आणला आणि गाणी लोकांच्या खिशात गेली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट इतक्या स्वस्त केल्या, की तोवर एका मोठ्या कंपनीच्या मुठीत असलेलं मार्केट गल्लीबोळात पसरलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत अभ्यासकाने भारतातल्या या प्रकरणावर अख्खं पुस्तक लिहिलंय, ‘कॅसेट कल्चर’, १९९३ सालचं. आईची कॅसेटही त्याच वर्षातली.

पण कॅसेट साधी असली तरी ती वाजवणार कशावर? आमचा टू-इन-वन माळ्यावरच होता. प्लगमध्ये लावला. लाइट लागला, रेडिओ खरखरला आणि कॅसेटची चक्रं ढिम्म. उघडून पाहिलं तर आतला रबरी बेल्ट वितळून काळ्या डिंकासारखा झालेला. तो डिंक माझ्या बोटांवरून तीन दिवस गेला नाही.

मग आपण सगळे करतो तेच मी केलं. ऑनलाइन मागवलं. वॉकमनसारखा दिसणारा, यूएसबीने थेट लॅपटॉपला जोडायचा डबा. अठराशे रुपये. मुंजीची कॅसेट घातली तर भटजी समुद्रात बुडताना मंत्र म्हणताहेत असं वाटलं. आवाज हलत होता, वरखाली होत होता. सुपारी फुटल्यासारखी कटकट मोटरचीच. असल्या स्वस्त मशीनमध्ये चक्र एकसारख्या वेगाने फिरवण्याची ताकदच नसते. बोलणं एक वेळ चालून जातं, पण लांबलेला सूर लगेच थरथरतो. माझा साउंडवाला मित्र (मासकॉमला माझ्यासोबत होता, आता एका स्टुडिओत घासतो) फोनवर म्हणाला, ‘परत कर ते आणि खरा डेक शोध.’

डेक आत्याकडे निघाला. टीव्हीच्या खाली, वर गजानन महाराजांचा फोटो आणि फुलदाणी. आत्याला आपल्याकडे डेक आहे हेच आठवत नव्हतं, तिला ते टेबल वाटत होतं! तो घेऊन मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये फिरले. सहा दुकानांनी हात वर केले. सातव्या ठिकाणी, जिन्याखालच्या खोपटात बसलेल्या एका काकांनी चष्मा वर करून डेककडे पाहिलं आणि जुना शाळामित्र भेटावा तसं हसले. नवे बेल्ट घातले, तेल दिलं. ‘हेड पुसत जा,’ म्हणाले. मुंबईकरांनो, तुम्ही लॅमिंग्टन रोडला जाल. दोन्हीकडे हे काम येणारी माणसं पिकल्या केसांची आहेत, तेव्हा लवकर जा.

हेड पुसायचं म्हणजे मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, कापसाची काडी त्यात बुडवायची आणि जिथे टेप घासून जाते तो चकचकीत भाग अलगद पुसायचा. काडी तपकिरी होते. तो तपकिरी रंग म्हणजे कुणाची तरी गाणी! शेजारचं काळं रबरी चाकही पुसायचं. जुनी कॅसेट थेट प्ले करायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली रिळं सुटतात. पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची भेट. ती कॅसेट तोंडाला मास्क लावून आधी साफ करायची, नाहीतर एका कॅसेटची बुरशी डेकमार्फत सगळ्यांना. आणि आतला स्प्रिंगवरचा छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर घाबरू नका. स्क्रूवाली कॅसेट असेल तर रिळं काढून दुसऱ्या, फालतू कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात. मी त्यासाठी इंग्रजीच्या कोर्सचा बळी दिला.

आणखी एक गोष्ट, जी मी तेव्हा पाहिली आणि सोडून दिली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन छोट्या चकत्या असतात. चकती तोडली की त्या बाजूवर रेकॉर्डिंग होत नाही, मशीनचं बटणच दाबलं जात नाही. जपून ठेवायची कॅसेट असेल तर लोक त्या चकत्या तोडायचे. आणि नंतर विचार बदलला की त्या भोकावर सेलोटेप लावून मशीनला गंडवायचे. आईच्या कॅसेटच्या दोन्ही चकत्या तोडलेल्या होत्या. साइड बीचं भोक उघडं होतं. साइड एच्या भोकावर पिवळी पडलेली सेलोटेप होती.

तासाला तास

कॉम्प्युटरची बाजू मात्र सोपी आहे. डेकच्या पाठीमागे लाल-पांढरी ‘लाइन आउट’ची दोन भोकं असतात. तिथून निघालेली वायर थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसायची नाही. आजकालच्या लॅपटॉपमध्ये ते भोक मोबाइलच्या हेडसेटसाठी असतं, आत जाणारा आवाज एकाच चॅनेलचा आणि माइकच्या ताकदीचा घेतं. स्टिरिओचा मोनो होतो आणि वर फाटतो. मध्ये एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट, २००० सालापासून आहे आणि दिसतंही थोडंसं तेव्हासारखंच. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या जागीही उणे सहाच्या आसपास राहील असं बटण लावायचं. शून्याला टेकली की तिथला आवाज कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

फाइल आधी डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खाते, पण काही गमावत नाही. जागेची चणचण असेल तर फ्लॅक. एमपीथ्री फक्त मावशीला पाठवायला. आणि दोन ठिकाणी ठेवा, एक लॅपटॉपवर आणि एक घराबाहेर कुठेतरी.

सगळ्यात मोठी गंमत अशी की यात फास्ट फॉरवर्ड नाही. आपल्याला सगळं एका क्लिकमध्ये कॉपी करायची सवय. पाचशे फोटो दोन मिनिटांत. कॅसेटचं तसं नाही, यार. तीस मिनिटांची बाजू तीस मिनिटंच घेते, आणि मध्ये टेप अडकली तर कळावं म्हणून तुम्हाला तिथं बसावं लागतं. मुंजीच्या चार कॅसेट्ससाठी मी चार संध्याकाळी बसले. ऑफिसवाल्यांनो, तुम्हाला चार संध्याकाळी सलग कशासाठी मिळाल्या होत्या ते आठवा.

बिहाग मी शेवटी ठेवला. आई मंडईत गेली होती त्या सकाळी. हेडफोन लावले, प्ले दाबलं. आधी नुसता श्श्श. मग त्या श्श्शच्या आत, खूप लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा एक आवाज. पुसट. आणि तीन सेकंदांनी तेच शब्द ठणठणीत : आईचं माहेरचं नाव, आणि ‘राग बिहाग.’

मला वाटलं भूत! मित्राने फोनवर भुताचं नाव सांगितलं, प्रिंट-थ्रू. टेप वर्षानुवर्षं एकावर एक गुंडाळून पडली की एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकंसं उमटतं. म्हणून आवाज एका वेढ्याएवढा आधीच, पुसट ऐकू येतो. म्हणजे आई बोलायच्या आधीच आई बोलली होती. मी ते काढणार नव्हते.

पुढे तानपुरा, तबला, पेटी. आणि मग एक मुलगी गायला लागली. तेवीस वर्षांची, माझ्यापेक्षा लहान. घाबरलेली, पण एकदा सूर लागल्यावर जराही मागे न हटणारी. मला शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कुणी मनापासून एखाद्या गोष्टीच्या मागे लागलेलं असतं ते कळतं.

मग मी व्हायचा तो शहाणपणा केला. आवाज ‘स्वच्छ’ करायला गेले. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन असतं. नुसत्या खरखरीचा एक तुकडा सिलेक्ट करून त्याला सांगायचं, ‘हा कचरा’, की तो सगळ्या फाइलमधून तसलं काही असेल ते वजा करतो. मी जो तुकडा दिला त्यात तानपुरा हलकेच सुरू झाला होता. परिणाम? तानपुरा गायब. आई एकटी, बादलीत तोंड घालून गातेय. सॉफ्टवेअरचाही दोष नाही म्हणा. सतत, एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे त्याच्या लेखी कचराच. मुकाट्याने अनडू केलं. खरखर राहू दिली. तुम्हीही राहू द्या, फार तर थोडी कमी करा. कानाला पाच मिनिटांत सवय होते.

काळी चार

दुपारी आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी मुद्दाम स्पीकरवर लावलं. मोठ्याने नाही.

शेंगांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही. मिनिटभराने आतून आवाज आला, ‘हे मी नाही.’

‘अगं, तूच आहेस. नाव सांगितलंयस सुरुवातीला.’

‘मी आहे, पण हे माझं गाणं नाही. मी काळी चारमध्ये गायचे. हे पांढरी सहा लागलंय. आणि एवढी घाई मी कधीच केली नसती. बाईंनी फोडून काढलं असतं.’

मी फोनवर पेटीचं अॅप काढलं. आईने हात पुसले, ओट्याला टेकून ऐकलं आणि बोट दाखवलं, ‘हे बघ.’ खरंच की! तानपुऱ्याचा सा पांढरी सहाला चिकटलेला. डेक अर्ध्या सुराने चढा वाजवत होता, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त वेगाने पळत होता. खोपटातल्या काकांनी नवे बेल्ट घातले, पण वेग काही तपासला नव्हता. मला चार मुंजी आणि एक बिहाग ऐकून काहीही कळलं नव्हतं. आईला शेंगा सोलता सोलता कळलं.

ऑडॅसिटीत मी ‘चेंज पिच’ लावून अर्धा सूर उतरवला आणि विजयी मुद्रेने पुन्हा ऐकवलं.

‘सूर बरोबर आला,’ आई म्हणाली. ‘लय अजून पळतेय.’

इथे तुम्ही चुकू नका. ‘चेंज पिच’ फक्त सूर बदलतं, वेग तसाच ठेवतं. टेप जोरात पळाली असेल तर दोन्ही बिघडलेलं असतं, दोन्ही एकत्र मागे आणावं लागतं. त्यासाठी वेग बदलणारा वेगळा इफेक्ट आहे. मी उणे ५.६ टक्के दिलं. पुन्हा प्ले. आता मुलगी जरा सावकाश, जरा भारदस्त गात होती, आणि पहिल्यांदा तो आवाज आईसारखा वाटला. आई स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसली. डाव्या हाताने मांडीवर एकताल धरला होता. तो तिने ठरवून धरला नव्हता, कारण उजव्या हातात अजून शेंग होती.

मग ती आपणहून बोलायला लागली. मी विचारलं असतं तर बोलली नसती. आकाशवाणीची ऑडिशन दिली होती सांगलीला, नापास झाली. ‘नापास म्हणजे नापासच. रडले नाही, चिडले.’ पुन्हा द्यायची म्हणून बाईंनी सहा महिने बिहाग घोटून घेतला आणि एका रविवारी त्यांच्या घरी ही कॅसेट भरली. ऐकून चुका काढायच्या, मग फॉर्म भरायचा. त्यानंतर लग्न, पुणे, नोकरी, पीएमटीचे दोन तास रोज, मी. फॉर्म राहिला.

‘मग चकत्या का तोडल्यास?’

‘कुणी त्यावर काही भरू नये म्हणून.’

ती चार मिनिटं

अकराव्या मिनिटाला ती एका जागेवरून वर चढायला लागली. आईची मान किंचित पुढे आली. आणि, कटक!

एक लहान मुलगी पावसाचं बालगीत म्हणायला लागली. बोबडी. जोरात. मध्येच अडखळतेय आणि बाबांचा आवाज, खूप तरुण बाबांचा आवाज, ‘म्हण बाळा, पुढे म्हण, शाब्बास!’

ती मी होते. २००० साल, मी तीन वर्षांची. सोफ्यावर बाबा पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला. चेहरा दिसेनासा झाला.

मी आईकडे बघायचं टाळलं. कॅसेटमध्ये मी गाणं संपवलं, टाळ्या, पुन्हा पहिल्यापासून. मग कुठूनतरी, बहुतेक आतल्या खोलीतून, आईचा आवाज. तीस वर्षांच्या आईचा.

‘अहो, कुठली कॅसेट घातलीत?’

‘असली कुठली तरी जुनी. पडली होती.’

त्यानंतर पाच-सहा सेकंद काहीच नाही. टेप चालू आहे, खोली ऐकू येतेय, पंखा ऐकू येतोय. मी खुदकन हसते. मग पावलं जवळ येतात. कटक.

आणि तिथून पुन्हा १९९३. मुलगी थेट द्रुत बंदिशीत, तबला जोरात, जणू काही झालंच नाही.

जिथे मी आहे तिथे खाली आई नाही. मी मित्राला विचारलं, काही सॉफ्टवेअर, काही युक्ती, काही एआय? नाही. रेकॉर्ड करताना आधी इरेझ हेड जुनं सगळं पुसतं आणि मग पुढचं हेड नवीन लिहितं. साध्या टू-इन-वनमध्ये तर ते इरेझ हेड म्हणजे नुसतं लोहचुंबक असतं. ते टेपला लागलं की संपलं. साइड बी मात्र शाबूत असणार, कारण तिची पट्टी वेगळी आणि तिचं भोक उघडं. पिवळी सेलोटेप फक्त एका बाजूला होती.

म्हणजे आईला पंचवीस वर्षं माहीत होतं. तिने कॅसेट फेकली नाही, वाजवलीही नाही. डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

पेपरमागून बाबा म्हणाले, ‘मला खरंच कळलं नव्हतं गं.’

आई म्हणाली, ‘तुम्हाला माहीत होतं, भोकावर चिकटपट्टी लावायला लागली तेव्हा.’ रागावून नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. बाबांकडे त्यावर उत्तर नव्हतं. ते उठून चहा करायला गेले. आमच्या घरात ते चहा करत नाहीत.

मी एडिटर माणूस नाही, पण मला पहिलं सुचलं ते कापायचं. माझी चार मिनिटं वेगळ्या फाइलमध्ये, आईचा बिहाग वेगळा, सांधा गुळगुळीत. सगळे खूश. मी सिलेक्ट करून तिला दाखवलं, ‘हे असं जोडलं की मधलं कळणारही नाही.’

‘कळेल,’ आई म्हणाली. ‘विलंबितातून एकदम द्रुतात कोण उडी मारतं?’ मग थोडा विचार करून, ‘राहू दे जसं आहे तसं. फक्त तुझा आवाज घोगरा झालाय.’

बरोबर होतं. वेग सुधारल्यावर आई आई झाली, पण तीन वर्षांची मी जरा जाड आवाजाची झाले. म्हणजे आमचा टू-इन-वन २००० सालीच थोडा घाईत होता. तेवढा तुकडा मी वेगळा सरळ केला. मूळ फाइलला हात लावला नाही, ती ‘कच्ची’ म्हणून तशीच ठेवलीये. हे तुम्हीही करा. सुधारणा नेहमी कॉपीवर.

रात्री आईने विचारलं, हे सांगलीला तिच्या गुरुभगिनीला पाठवता येईल का. व्हॉट्सअॅपवर गाणं पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. मी अकरा मिनिटांचा तुकडा पाठवणार होते. तिने पूर्ण पाठवायला लावला, मी आणि बाबांसकट. सकाळी उत्तर आलं तेव्हा आई मोबाइल घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काय उत्तर होतं ते तिने सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी मी डेक घेऊन पुन्हा जिन्याखालच्या काकांकडे गेले. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. त्यांनी अर्धं वळण दिलं, पैसे घेतले नाहीत. ‘कुणी सांगितलं वेग चुकलाय म्हणून?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईने. ते म्हणाले, ‘मग बरोबरच असेल.’

साइड बीवर काय आहे ते लेबलवर लिहिलेलं नाही. आईला आठवतंय, पण ती सांगत नाही. तिने मला बजावून ठेवलंय, रविवारी ती आंघोळ करून बाहेर येईपर्यंत प्ले दाबायचं नाही. आणि त्या आधी बाबांनी साइड बीच्या भोकाकडे एकदा नीट बघून घ्यायचं.